डास रिक्षाने येत नाही

सदाशिव पेठेतली ती जागा मी पाहायला गेलो, तेव्हा मालकांनी मला नोकरी विचारली नाही, आडनाव विचारलं नाही, खाण्यापिण्याचंही काढलं नाही. साखळी जेवढं उघडू देईल तेवढंच दार उघडून, त्या फटीतून एक डोळा माझ्यावर रोखत त्यांनी विचारलं, "झाडं आहेत का?"

मला वाटलं, चला, माणूस हौशी दिसतोय. मी हौशी नाटकांत कामं केलेला माणूस. समोरच्याला काय आवडेल याचा अंदाज घेऊन बोलायची सवय. मी माझ्या कुंड्यांचं वर्णन सुरू केलं आणि शेवटी ठेवणीतला पत्ता टाकला. दिवाणखान्यात मनीप्लँट आहे, म्हटलं.

"कशात?"

"बाटलीत. निळ्या काचेच्या."

फट बंद झाली. मी जिना उतरायला लागलो तेव्हा पुन्हा उघडली. "बाटलीत माती भरून आणायचं. पाण्यातच वाढवायचं असेल तर कात्रजच्या तळ्याकाठी जागा बघा."

अशा रीतीने मी त्यांचा भाडेकरू झालो. इमारत तीन मजली, बिनलिफ्टची. तळमजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास, तो चालवणाऱ्यांना सगळे नुसते सर म्हणत. पहिल्या मजल्यावर मालक. दुसऱ्यावर मी आणि माझी बायको. तिसऱ्यावर यवतमाळहून आलेलं एक तरुण जोडपं, पल्लवी आणि स्वप्नील, दोघंही आयटीतले. मालकांच्या दाराची साखळी आमच्यापैकी कोणासाठीही कधी निघालेली नव्हती. भाडंसुद्धा फटीतून आत जायचं.

आयुष्यभर त्यांनी एका विमा कंपनीत दावे तपासले होते. कोणाची गाडी ठोकली, कोणाचं गोदाम जळलं, की हे जायचे आणि विचारायचे, "कशावरून?" समोर जळकं गोदाम धुमसत असायचं, तरी कशावरून. आपल्या हातून एकही दावा पहिल्या अर्जात मंजूर झाला नाही, हे ते सांगत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नातवंडांचे फोटो दाखवणाऱ्या माणसाचं तेज येई. निवृत्त झाल्यावर दावे संपले, पण प्रश्न शिल्लक राहिला. मंडईत नारळवाला म्हणे, "काका, भरपूर पाणी आहे आत, हलवून बघा." हे हलवून बघत आणि विचारत, "पाणीच आहे कशावरून?" स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीत चढण्यापूर्वी कंडक्टरला विचारत, गाडी कुठे जाते. मग ड्रायव्हरला वेगळं गाठून तेच विचारत. दोघांची जबानी जुळली तरच पाय उचलत. त्यांच्या पत्नी बहुतेक काळ मुलीकडे नाशिकला असत. का, हे आम्ही विचारलं नाही. त्या अधूनमधून इकडे आल्या की आपोआप कळायचं.

डासाशी मात्र त्यांचं वैर व्यक्तिगत होतं. नोकरीच्या अखेरीला त्यांना डेंग्यू झाला होता. हाडं मोडून काढणारा ताप, डोळ्यांच्या खोबणीत ठणका, रक्तातल्या पेशी खाली आलेल्या, सलाइन. यातल्या कशाचंच त्यांना दुःख नव्हतं. दुःख होतं ते चावणारा सापडला नाही याचं. "कोण चावलं, कुठे चावलं, केव्हा चावलं, काही नोंद नाही," ते म्हणत. "एवढं मोठं नुकसान, आणि घटनास्थळच माहीत नाही." बरे झाल्यावर त्यांनी त्या डासाची अशी माहिती काढली, जशी सोयरीक जुळवताना लोक मुलाची काढतात. तो अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा, पायांत पट्टे घातलेला. गटारात राहत नाही, त्याला स्वच्छ पाणी लागतं. "पेठेतला आहे," मालक म्हणत, "घाणीत अंडी घालणार नाही." आणि तो चावतो दिवसा, त्यातही सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी. "ऑफिसच्या वेळेत काम करतो. हल्ली माणसंही करत नाहीत."

इमारतीत त्यांच्या पाट्या होत्या. जिन्यात एक: "कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचवणाऱ्याने आपला रक्तगट मालकांना आगाऊ कळवावा." पार्किंगमध्ये दुसरी: "टायर वाहनास लावलेला असावा. सुटा आढळल्यास डासांचे प्रसूतिगृह समजून जप्त केला जाईल." महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की सगळे खिडक्यांत उभे राहून समाधानाने खोकत. मालक एकटेच संशयाने त्या धुराकडे बघत. "धूर उडणाऱ्यांसाठी," ते म्हणत. "बादलीतल्यांना धूर आल्याचं कळतसुद्धा नाही." कोणी पपईच्या पानांच्या रसाची महती सांगितली की विचारत, "हे पेशंटने सांगितलं की पपईवाल्याने?"

हे सगळं आम्ही मजेने सहन करत होतो. मी तर पाहुण्यांना त्यांची नक्कलही करून दाखवत असे, साखळीसकट. मजा संपली ती पल्लवीपासून.

एका सकाळी मालक जिन्यात उभे होते. पल्लवी वरून उतरत होती, हळूहळू, कठड्याला धरून. एरवी ती हेल्मेट अडकवून दोन-दोन पायऱ्या गाळत जायची. मालकांनी तिला थांबवलं.

"करारात दोन माणसं लिहिली आहेत," ते म्हणाले. "तिसरं केव्हा येणार आहे?"

घरच्यांनी तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. ती कावरीबावरी होऊन म्हणाली, "काऊन हो काका? कोणी सांगितलं तुम्हाले?"

"स्कूटरने सांगितलं," मालक म्हणाले. "बरेच दिवस जागची हललेली नाही. सीटवर धूळ आहे."

त्या पावसाळ्यात शहरात झिकाचं नाव ऐकू येऊ लागलं होतं. ताप तसा बेताचा, अंगावर पुरळ, डोळे लाल, कित्येकांना तर कळतही नाही की होऊन गेला. पण पोटुशी बाई असेल तर तो पोटातल्या बाळापर्यंत पोहोचू शकतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ बिघडवू शकतो. पल्लवीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हे सौम्य शब्दांत सांगितलं होतं. मालकांनी आम्हा सगळ्यांना जिन्यात बोलावून सौम्य नसलेल्या शब्दांत सांगितलं. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका, तिन्ही माल एकाच डासाच्या पिशवीतून येतात, आणि कोणता माल कोणाच्या दारात टाकायचा हे तो आपल्याला विचारत नाही. लस नाही, गोळी नाही. एकच इलाज, त्याला जन्मू द्यायचं नाही.

"तर शनिवारपासून घरं तपासली जातील," ते म्हणाले. "आतून."

मालकांचं तपासणीचं सामान असं: एक बॅटरी, एक भिंग, आणि दाढीचा पांढरा मग. पांढऱ्यावर अळी उठून दिसते म्हणून. भर दुपारी बॅटरी पेटवून ते आमच्या घरात शिरले आणि थेट फ्रिजच्या मागे गेले. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, त्यात वितळलेलं पाणी जमतं, ही गोष्ट माझ्या सुशिक्षित बायकोला आणि मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हती. मालकांनी मग बुडवून आमच्या नाकासमोर धरला. आत स्वल्पविरामासारखं काहीतरी वळवळत होतं.

"हे तुमचे," मालक म्हणाले.

मी फेकायला हात पुढे केला, तर त्यांनी मग मागे घेतला. खिशातून जॅमची रिकामी बाटली काढली, अळ्या पाण्यासकट तिच्यात ओतल्या, तोंडावर मलमलीचा तुकडा ठेवला, वर रबर चढवलं, आणि चिठ्ठी चिकटवून तिच्यावर आमचं आडनाव लिहिलं. ट्रेमधलं उरलेलं पाणी गॅलरीतल्या तापल्या फरशीवर ओतलं. बाटली मात्र घेऊन गेले. हे सगळं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "प्रकरण निकाली निघेपर्यंत पुरावा नष्ट करायचा नसतो. उद्या तुम्हीच म्हणाल, आमच्याकडे कुठे होत्या अळ्या."

माझ्या बायकोने त्यांच्याशी बोलणं सोडलं. आपल्या आडनावाची अळ्यांची बाटली परक्याच्या खिडकीत उभी आहे, ही कल्पना तिला झोपू देईना. तेवढ्यात कळलं की सरांच्या क्लासमधल्या कूलरखालूनही एक बाटली भरली, आणि खुद्द पल्लवीकडून एक, ऑफिसने भेट दिलेल्या बांबूच्या भांड्यातली. तेव्हा तिला जरा बरं वाटलं. दर शनिवारी कुठे ना कुठे काहीतरी सापडे. गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी भरून ठेवलेला आणि मग विसरलेला एखादा डबा, गच्चीवरची करवंटी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं ताट. मालकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांची रांग लांबत गेली. रस्त्यावरून मान उंच केली की त्यांच्या तळाशी ऊन चमकताना दिसे.

आता गंमत बघा. घरं कोरडी होत गेली आणि डास काही कमी होईनात. उलट जिन्यात, पहिल्या मजल्याच्या आसपास, सकाळचे जास्तच वाटू लागले. आधी सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. बायको म्हणे, वरच्यांकडे अजून काहीतरी असणार, ती पोरं दिवसभर घरात नसतात. स्वप्नीलने मला लिहून विचारलं की गच्चीची चावी कोणाकोणाकडे असते. सरांनी क्लासच्या दाराला कुलूप लावलं, म्हणजे कोणी आत पाणी आणून ठेवू नये. जिन्यातून कोणी बादली घेऊन गेलं की तीन दारं किलकिली होत.

आणि अशातच मी आडवा झालो. सकाळी दात घासताना थंडी वाजली, दुपारी उठून बसवेना. डोळे नुसते फिरवले तरी मागून कोणी खेचतंय असं वाटे. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. माझ्या बायकोने न बोलण्याचं व्रत मोडून मालकांना खाली जाऊन सांगितलं, आणि ते बॅटरी घेऊन माझ्या पलंगापाशी येऊन बसले. तब्येत कशी आहे हे विचारलं नाही.

"आजारी पडण्यापूर्वी कुठे कुठे गेला होतात?"

मी कुठेच गेलो नव्हतो. जाहिरातींचा मजकूर लिहिणारा माणूस मी, घरात बसूनच काम. अलीकडे तर कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडेही गेलो नव्हतो.

"क्लासमधल्या कोणा मुलाला ताप होता?"

होता. सरांनीच सांगितलं होतं, एक जण तापाने गावी गेला.

मालक बराच वेळ बॅटरीचं बटण चालू-बंद करत बसले. मग म्हणाले, "डास जन्मतः निर्दोष असतो. आधी तो कोणा तापवाल्याला चावतो, मग त्याच्या अंगात विषाणू वाढतो, मग दुसऱ्याला. हा त्या मुलाला चावला आणि मग तुम्हाला. आणि हा डास फार लांब उडत नाही. रिक्षा करून येत नाही तो. तो इथलाच आहे. याच इमारतीत जन्मलेला."

मी कण्हत म्हटलं, मग आता काय.

"आता तुम्ही साठा आहात," ते म्हणाले. "तुम्हाला चावून तो वर गेला, तर वर ती मुलगी आहे." आणि त्यांनी पिशवीतून कोरी मच्छरदाणी काढली, स्वतः स्टुलावर चढून बांधली, आणि भर दिवसा मला आत कोंबून कडा गादीखाली खोचल्या. औषध कुठलं घ्यायचं हे डॉक्टरांवर सोडलं, पण अंगदुखीच्या कुठल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत याची बायकोकडून उजळणी करून घेतली, कारण काहींनी रक्तस्राव वाढतो. मग जाळीबाहेरून मला बजावलं, "ताप उतरेपर्यंत बाहेर यायचं नाही. तुमच्यासाठी म्हणत नाही मी."

असली नाजूक चौकशी माझी जन्मात कोणी केली नव्हती.

मी जाळीत पडलो असताना इमारतीत एक नवा विचार जन्माला आला. तो सरांचा होता, पण त्याला अंगडं-टोपडं मी घातलं हे मान्य करायला हवं. सर मला भेटायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, तुम्ही एक गोष्ट लक्षात घेतली का, डास वाढले कधीपासून? तपासणी सुरू झाल्यापासून. मालकांकडे मध्यंतरी एक बिल्डर येऊन गेला होता. फटीतून का होईना, अर्धा तास बोलत होता. पुनर्विकास करायचा तर भाडेकरू निघायला हवेत. आता भाडेकरू काही नोटिशीने निघत नाहीत. आजारी पडले तर निघतील.

मला ताप होता, आणि कथानक सुरेख होतं. येणाऱ्या प्रत्येकाला मी ते जाळीतून सांगितलं, आवाज खाली आणून, मधे योग्य जागी थांबत. माझी बायको म्हणाली, "त्या माणसाने स्वतः येऊन जाळी बांधली तुम्हाला." मी म्हटलं, "तेच तर संशयास्पद आहे." मी उठून हिंडूफिरू लागलो तोवर इमारतीत मालकांशी कोणी धड बोलत नव्हतं. शनिवारी ते बेल वाजवत, दार उघडत असे, पण आता आमच्या दारांनाही साखळ्या लागल्या होत्या.

मग एका सकाळी पल्लवीला ताप भरला. अंगावर बारीक पुरळ आलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, लघवी घेतली, तपासणीला बाहेर पाठवली. अहवाल यायला काही दिवस लागतील, म्हणाल्या. त्या दिवसांत इमारतीत कोणी मोठ्याने दारसुद्धा लावलं नाही. ताप तिचा लवकरच उतरला, पण ताप उतरण्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. तिची आई यवतमाळहून आली आणि दारातच बसून राहिली. मालक तिसऱ्या मजल्यावर चढत, बेलपाशी हात नेत, आणि न वाजवता खाली येत. हे मी जिन्याच्या कठड्यावरून मान वर करून पाहिलं आहे. मग ते गच्चीवर जाऊन पन्हळीत हात घालत, पार्किंगमधल्या गाड्यांखाली बॅटरी मारत. पाणी कुठेच नव्हतं. इमारत पापडासारखी वाळली होती, आणि जिन्यात पट्टेदार डास फिरत होते.

एका दुपारी मालक असेच सरांच्या कूलरपाशी वाकलेले होते, मी आणि सर बघत उभे होतो, आणि पल्लवी पायऱ्या उतरून आली. अंगात पूर्ण बाह्यांचा ढगळ सदरा, चेहरा उतरलेला. मागे तिची आई.

"काका," ती म्हणाली, "सगळ्यांची घरं पाहून झाली. एक राहिलं."

मालक सरळ झाले. "कोणाचं?"

"तुमचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांत आम्ही एवढं मोठं कारस्थान रचलं होतं, पण हे साधं वाक्य आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"माझ्याकडे पाणी साचत नाही," मालक म्हणाले.

"कशावरून?"

तिने ते चिडून विचारलं नाही. थकलेल्या आवाजात विचारलं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. मालकांनी बॅटरी विझवली. मग पुढे होऊन ते जिना चढले, त्यांनी किल्ली लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही ते दार पूर्ण उघडलेलं पाहिलं.

आत सगळं कोरडं होतं. बादल्या पालथ्या, पेले पालथे, फुलदाणीत कागदाची फुलं. फ्रिजचा ट्रे काढून भिंतीला टेकून ठेवलेला. न्हाणीघरातली फरशी पुसून घेतलेली. सरांनी मोठ्या आशेने संडासाची टाकी उघडून पाहिली, तिच्यावरही जाळी बसवलेली होती. बिल्डरचं कारस्थान माझ्या डोळ्यांसमोर विरघळत चाललं, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्या उभ्या होत्या. सगळ्यांची आडनावं रस्त्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून. पल्लवी वाकून बघत होती. "काका," ती म्हणाली, "यातल्या गेल्या कुठे?"

पाणी स्वच्छ होतं. त्यात काहीच वळवळत नव्हतं. वर फक्त पातळ, पारदर्शक, चिमुकली सालं तरंगत होती.

"मेल्या असतील," सर म्हणाले.

मालकांनी भिंग काढलं. ते एकेका बाटलीवर वाकत गेले. मग त्यांनी बोटाने एका बाटलीवरचं रबर नुसतं दाबलं, तर ते तुटून पडलं. मंडईतून आणलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांची ती रबरं. ते ती वर्षानुवर्षं खुंटीला अडकवून ठेवत, टाकून देणं त्यांच्या जिवावर येई. खिडकीतल्या उन्हाने ती वाळून कडकडीत झाली होती. मलमल कुठे एका बाजूने उचलली होती, कुठे सैल पडून सुरकुतली होती. डासाला फट केवढी लागते.

"मेल्या असत्या तर तळाशी असत्या," मालक म्हणाले. त्यांचा आवाज दावा वाचून दाखवावा तसा सपाट होता. "ही कात आहे. या उडाल्या. सगळ्या."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आमच्या फ्रिजमागच्या, सरांच्या कूलरमधल्या, गच्चीवरच्या, सबंध इमारतीतल्या अळ्या या माणसाने गोळा करून आपल्या खिडकीत नीट वाढवल्या होत्या, नावानिशी. पुरावा नष्ट करायचा नसतो म्हणून. सर, एरवी तासाचे पैसे घेऊन बोलणारे, हळूच दाराकडे सरकले.

मालकांनी गॅसवर पाणी उकळायला ठेवलं. बाटल्या मोरीत घेतल्या, उकळतं पाणी ओतलं आणि काथ्याने आतून घासायला बसले. "नुसतं ओतून चालत नाही," ते कोणालाच न सांगता म्हणाले. "अंडी काचेला चिकटून राहतात. महिनोन् महिने कोरडी पडून राहतात आणि पाणी लागलं की जागी होतात. घासायला लागतं." ते घासत राहिले. पल्लवीची आई तिला वर घेऊन गेली. सर गेले. मीच तेवढा उभा होतो.

"तुमचा डेंग्यू," मालक मान वर न करता म्हणाले, "माझ्या खिडकीतला असणार."

मी त्यांची नक्कल शेकडो वेळा केली होती. त्या क्षणी नक्कल करायचा विचारही मनात नव्हता, पण तोंडून तोच शब्द बाहेर पडला. "कशावरून?"

त्यांचा हात थांबला. "पुरावा नाही," ते म्हणाले. "उडून गेला." आणि पुन्हा घासायला लागले.

अहवाल आला तो स्वप्नीलच्या फोनवर. तो जिन्यातच उभा होता. आम्ही सगळे आपापल्या दारांत आलो, साखळ्या न लावता. त्याने वाचलं. झिका नाही. डेंग्यू नाही. चिकुनगुनियाही नाही. कुठला तरी साधा विषाणू, आला आणि गेला. पल्लवीच्या आईने पदर डोळ्यांना लावला. आमच्या सगळ्यांच्या माना मात्र एकदम पहिल्या मजल्याकडे वळल्या, कारण आता कोणता शब्द येणार हे पाठ होतं.

मालकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "परत एकदा वाचा," ते म्हणाले.

स्वप्नीलने वाचलं.

"आणखी एकदा."

त्याने पुन्हा वाचलं. मग मालक पिशवी घेऊन मंडईत गेले. परत आले तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीचं रबर त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हे माझ्या बायकोने स्वतः पाहिलं. मी विचारलं नाही, कशावरून.

हळूहळू जिन्यातले डास नाहीसे झाले. जिन्यातल्या पाट्याही मालकांनी उतरवल्या, आणि एकच नवी पाटी लावली, स्वतःच्या दारावर. "तपासणी या घरापासून सुरू करावी. बेल वाजवावी. कारण विचारले जाणार नाही." साखळी त्यांनी काढून टाकली होती. तिचे खिळे होते तिथे दोन भोकं राहिली होती, ती साबणाने बुजवली होती.

पल्लवीला मुलगी झाली. बाळ ठणठणीत, वजन चांगलं, आवाज तर पेठेला शोभेल असा. बाळाला खाली घेऊन फिरवण्याइतकी ती सावरली, तेव्हा पहिल्याच शनिवारी तिने मालकांची बेल वाजवली. मीही मागून गेलो, मला ते चुकवायचं नव्हतं. मालक दार उघडून बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून, आरोपीसारखे. पल्लवी म्हणाली, "काका, हिला धरा जरा. मी ट्रे पाहून घेते." आणि बाळ त्यांच्या हातात देऊन ती बॅटरी घेऊन फ्रिजमागे शिरली.

मालकांनी बाळाला अंगापासून जरा लांबच धरलं, जसं एखादं कागदपत्र उजेडात धरतात. वरून खाली पाहिलं. मग एकदम त्यांचे डोळे बारीक झाले. बाळाच्या दंडावर काळा ठिपका होता.

"हे काय आहे?"

"तीळ आहे, काका," पल्लवी आतून म्हणाली. "जन्मापासून आहे."

"कशावरून?"

त्यांनी बोट ओलं केलं आणि तो ठिपका हलक्या हाताने पुसून पाहिला. पुन्हा पाहिला. तो पुसला गेला नाही. बाळ त्यांच्याकडे टकामका बघत होतं. मालकांनी त्याला छातीशी घेतलं आणि म्हणाले, "मंजूर."